पोच

नाना, मी तुकोगंजातल्या हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्यासमोरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. आई आत आहे. दार अर्धं उघडं आहे, त्यातून तिची पावलं दिसतात. ‘घाबरू नका’ असं लिहिणार होते, पण ते शब्द ऐकले की तुम्ही काही न विचारता उठून चपला शोधायचात, म्हणून लिहीत नाही. तिच्या अंगात पाणी साठलं होतं. इंजेक्शनांनी ते आता उतरतं आहे, श्वासही बरा आहे. पण इतके दिवस जो ताण पडला त्यात किडनी दुखावली की वाचली, हे आजच्या रिपोर्टवरून कळायचं आहे. सकाळी रक्त नेलं. डॉक्टर राउंडला येतील तेव्हा सांगतील. जिन्यावर बुटांचा आवाज आला की मी मान वर करते. आतापर्यंत कॅन्टीनचा माणूस आला, फळांच्या पिशव्या घेऊन कोणाचे तरी नातेवाईक आले, आणि एक वॉर्डबॉय रिकामी चाकाची खुर्ची ढकलत आला.

अशा वेळी माणसं देवाचं नाव घेतात. मला मात्र सकाळपासून तुमच्या मिलचा नोटीसबोर्ड दिसतो आहे. गेटातून आत गेलं की डाव्या हाताला, टाइम ऑफिसच्या भिंतीवर, काचेचं दार असलेली ती लाकडी पेटी. मी लहानपणी एकदाच पाहिली, विजयादशमीला यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना आत सोडायचे तेव्हा. तुम्ही मला तुमचं फोल्डिंग खातं दाखवलंत. लांबच लांब टेबलं, थानांच्या घड्या, कडेला शिक्के, शाईचा वास. कापडाच्या कोणत्या गाठीवर कोणता शिक्का, हे तुम्ही हौसेने सांगत होतात आणि माझं सगळं लक्ष प्रसादाच्या पेढ्यांकडे होतं. परत निघताना तुम्ही त्या बोर्डासमोर थांबलात. आत काहीच नव्हतं, नुसतं हिरवं कापड आणि दोनचार टाचण्या. तुम्ही समाधानाने मान हलवलीत. “बोर्ड कोरा आहे,” म्हणालात. मी विचारलं, मग काय वाचलंत? तुम्ही हसलात. बोर्डावर कधी चांगलं काही लागतच नाही, असं तुम्ही सांगितलंत. कोणाला काढलं, कोणाला तंबी दिली, कोणाचा पगार कापला, हेच लागतं. म्हणून कोरा बोर्ड म्हणजे सगळं ठीक.

तुमच्या खात्यातले सगळेच असं मानायचे. ऑफिसातून बोलावणं आलं नाही, म्हणजे साहेब खूश आहे. कामगारांवरचा जॉबर काही बोलला नाही, म्हणजे काम पसंत आहे. संध्याकाळी सायकल भिंतीला लावता लावता तुम्ही आईला सांगायचात, “बोर्ड कोरा आहे,” आणि आई कणीक मळता मळता “बरं” म्हणायची. इतर घरांतले लोक ‘आलो’ म्हणत असतील, आपल्या घरात तुम्ही हे म्हणायचात.

मग ती वर्षं आली. रोज पेपरात नवं धोरण, बाहेरच्या कंपन्या, नव्या गाड्या, आणि तुमच्या मिलमध्ये आधी रात्रपाळी थांबली, मग कापूस वेळेवर येईना, मग विणायचे निम्मे साचे नुसते उभे. मामा एका रविवारी आला होता ते मला स्पष्ट आठवतं. स्वयंपाकघरात पाटावर बसून तो पोह्यांवर शेव घालून घेत होता, एकदा घातली, परत मागितली. “भाऊजी, पीथमपूरला आमच्या कारखान्यात स्टोअरला माणूस पाहिजे. मी शब्द टाकला आहे. या महिन्यात अर्ज द्या, बस.” तुम्ही बशी खाली ठेवलीत. “अरे, पण अजून बोर्ड कोरा आहे.”

“बोर्ड काय चाटायचा आहे?” मामा म्हणाला. “अर्धी मिल बंद पडली, भाऊजी, आँख खोलके देखो तो.”

“बंद करायची असती तर कळवलं असतं. एवढी हजार माणसं आहेत, असं न सांगता कोणी बंद करतं का?”

आईने मामाच्या बशीत आणखी पोहे वाढले, न विचारता. तिला तुमच्याही बाजूने बोलायचं नव्हतं आणि त्याच्याही, तेव्हा ती वाढत राहायची. मामा पोट भरेपर्यंत समजावत राहिला आणि मग स्कूटरला किक मारून निघून गेला. पीथमपूरची जागा भरली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तुम्ही सकाळी गेलात तर गेटला साखळी होती. तुम्ही संध्याकाळपर्यंत तिथेच उभे राहिलात. घरी येऊन पहिल्यांदा काय सांगितलंत ते मी कधी विसरणार नाही. गेटच्या गजांतून आतला बोर्ड दिसत होता, म्हणालात. अजूनही कोराच होता.

आता एक नर्स येऊन आईचं बीपी घेऊन गेली. मी विचारलं, किती? ती म्हणाली, “ठीक है.” मी म्हटलं, आकडा सांगा. ती माझ्याकडे जरा वैतागून पाहत आकडा सांगून गेली. सियागंजातले लोक तुमच्याकडे असंच पाहत असणार.

सियागंजात तुम्ही नोकरी धरलीत ती पुढच्या वर्षी. त्याआधीचे महिने तुम्ही रोज मिलच्या गेटावर जाऊन बसायचात, इतरांबरोबर, चहाच्या टपरीसमोर. घरी आलात की आई विचारायची नाही, पण तुम्हीच सांगायचात. “पुढच्या महिन्यात उघडणार आहे गेट. बोलणी चालू आहेत.” आई तव्यावरची पोळी उलटायची आणि न वळता म्हणायची, “कोण म्हणालं?” तुम्ही माठाकडे वळायचात. ओगराळं बुडवायचात, पेला भरायचात, सावकाश प्यायचात. तहान नसली तरी. पेला पालथा घालून होईपर्यंत आईचा प्रश्न शिळा झालेला असायचा. मला तुमचा तेव्हा फार राग यायचा. माझ्या वयाला वाटायचं की खोटंच बोलायचं तर निदान कोणाचं तरी नाव घ्यावं.

सियागंजात किराणा-मालाच्या ठोक दुकानात तुमच्याकडे बाहेरगावचा माल रवाना करायचं काम आलं. धार, बडवानी, खरगोन, देवास. पोती मोजून ट्रकवर चढवायची, ड्रायव्हरला सांगायचं, आणि झालं. तुमच्यासाठी मात्र तिथे काम संपायचं नाही, सुरू व्हायचं. माल मिळाल्याची पोच पाहिजे. शेठ हसायचे, “भाऊसाब, माल निकल गया तो पहुँचेगा ही ना. तुम क्यों टेंशन ले रिये हो? गड़बड़ होती तो वो खुदई चिल्लाते.” तुम्ही दुसऱ्या दिवशी पीसीओवरून खरगोनला फोन लावायचात. पोती मिळाली का? सगळी? कोणी उतरवून घेतली? समोरचा माणूस “हाँ भिया, मिल गया, मिल गया” म्हणायचा, आणि तुम्ही त्याला नाव विचारायचात. दुकानात तुम्हाला ‘पोचवाले भाऊसाब’ म्हणायला लागले. ते तुम्हाला माहीत होतं. तुम्ही मनावर घेतलं नाही.

घरातही तेच आलं. शेजारी वाटीभर श्रीखंड दिलं तरी परत येऊन सांगायचं, दिलं, त्यांनी घेतलं. टेम्पोने कॉलेजला गेलं की तिथल्या ऑफिसातून समोरच्या काकूंकडे फोन. मी एकदा मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले, इथेच, तुकोगंजात, या हॉस्पिटलपासून लांब नाही, आणि फोन करायचा विसरले. भर दुपारी तुम्ही सायकलवरून आलात. शर्ट पाठीला चिकटलेला. मैत्रिणीच्या आईने सरबत पुढे केलं, तुम्ही घेतलं नाही, दारातच उभे. “पोचलीस हे कळवायला काय झालं होतं?” मी मैत्रिणीसमोर लाजेने मरत होते. मी म्हटलं, “काही झालं असतं तर तुम्हाला कळलंच असतं ना, नाना.”

“नाही,” तुम्ही म्हणालात. आवाज चढवला नाहीत. “काही झालं की कळत नाही. तेच तर.”

आणि सायकल वळवून निघून गेलात. मैत्रीण म्हणाली, “यार, तेरे पापा तो सीबीआई हैं.” आम्ही दोघी हसलो. त्या वयात दुसरं काय करणार.

पुण्याला शिकायला निघाले तेव्हा तुम्ही मला पोस्टकार्डांचा गठ्ठा दिलात, रबरबँड लावलेला. प्रत्येक कार्डावर घरचा पत्ता तुमच्या अक्षरात, आणि मागे एकच ओळ, तीही तुम्हीच लिहिलेली: ‘सुखरूप पोचले.’ मला फक्त तारीख घालायची आणि पेटीत टाकायचं. हॉस्टेलवर सगळ्या जणी ती कार्डं पाहून लोळत हसल्या. मी पण हसले, आणि प्रत्येक वेळी टाकत गेले. तुम्ही गेलात तेव्हा गठ्ठ्यात काही कार्डं उरली होती. ती कुठे गेली आठवत नाही, आज सकाळपासून आठवण्याचा प्रयत्न करते आहे.

आता माझं काम सांगते, म्हणजे आई इथे का आहे ते कळेल. हातात मावणारा फोन असतो, त्यात निरनिराळ्या कामांसाठी ॲप असतात, ते बनवणाऱ्या इथल्याच एका कंपनीत मी आहे. बाहेर नोकऱ्या करून आईसाठी परत आले. हृदयाच्या रुग्णांसाठी एका क्लिनिकने आमच्याकडून ॲप करून घेतलं. सकाळी उठून रुग्णाने वजन करायचं, बीपी मोजायचं आणि फोनमध्ये भरायचं. आकडे क्लिनिकच्या मशीनवर जातात. वजन भराभर वाढायला लागलं, म्हणजे अंगात पाणी साठतं आहे, की तिथली नर्स फोन करते, गोळ्या बदलतात, हॉस्पिटलपर्यंत यावं लागत नाही. आई त्याच क्लिनिकची रुग्ण. राजेंद्र नगरच्या घरात ती एकटी राहते, माझ्याकडे ये म्हटलं की “तुझ्या फ्लॅटमध्ये मला कोण ओळखतं?” म्हणते. तेव्हा या ॲपवर माझा किती जीव होता, हे तुम्हाला सांगायला नको.

ॲप इंग्रजी आणि हिंदीत होणार होतं. मराठी मी घालायला लावली. आईचा फोन मराठीत आहे. तिने स्वतः मला बसवून करून घेतला होता, “हे सगळं आपल्या भाषेत कर बाई, नाही तर मी हात नाही लावणार.” ऑफिसात मुलं चिडवायची, “मैम, इंदौर में मराठी फ़ोन कौन रखता है?” मी म्हणायची, मेरी मम्मी. मग त्या मराठी भागाला ‘मम्मी मोड’ असंच नाव पडलं. क्लिनिककडे पथ्याच्या मराठी सूचना होत्या, पण जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या. तो फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नसेल तिथे नुसता कचरा दिसतो, इंग्रजी अक्षरं आणि कंस आणि टिंबं. आता जगभर एकच पद्धत चालते, युनिकोड, प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक. मी त्या सूचना एक एक करून त्यात आणल्या. जोडाक्षरं फुटत होती, रफार भलत्याच अक्षरावर बसत होते, वेलांट्या आधी की नंतर याचा गोंधळ होत होता. सगळं हाताने तपासलं. ‘मीठ कमी’ हे आईच्या फोनवर नीट उमटलं तेव्हा मी तिला फोन करून वाचायला लावलं. ती म्हणाली, “हे तर मी तुझ्या नानांना वर्षानुवर्षं सांगत होते.” इतकं सगळं अक्षरांकडे पाहिलं, नाना. अंकांकडे कोणीच पाहिलं नाही.

फोनमध्ये एक सेटिंग असतं, मालक कुठला आणि त्याची भाषा कोणती. त्यावरून फोन स्वतःच ठरवतो की तारीख कशी लिहायची, आकडे कसे लिहायचे. इंग्रजी फोन इंग्रजी आकडे लिहितो. हिंदी फोन शब्द हिंदीत लिहितो पण आकडे इंग्रजीच ठेवतो. मराठी फोन आकडेही मराठी लिहितो. आम्ही ॲप इंग्रजीत तपासलं, हिंदीत तपासलं, तारीख जवळ आली होती, मराठीत शब्द तपासले आणि दिलं. आईने ६१ भरलं की तिच्या फोनने ६१ असंच पाठवलं, आणि क्लिनिकच्या मशीनला हा आकडाच वाटेना. तुमच्या खात्यात अनोळखी शिक्क्याची गाठ आली असती तर तुम्ही ओरडून विचारलं असतं, ही कुणाची? त्या मशीनने ती गाठ मुकाट्याने बाजूला टाकली. आणि आईच्या फोनवर मात्र हिरवी खूण उमटली. कारण ती खूण ‘तिकडे मिळालं’ याची नव्हती, ‘इकडून निघालं’ याची होती. ती तशी ठेवायची हे मीच ठरवलं होतं. लवकर उमटते, माणसाला बरं वाटतं.

रविवारी मी गेले तर आई दारातच धापा टाकत होती. पाय बघितले, सुजलेले. बोटाने दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. मी ओरडले, “आई, हे कधीपासून?”

“अगं, थोडी सूजन आहे, बस. रोज भरते ना मी तुझ्या फोनात. नर्सबाईंचा फोन नाही आला, म्हणजे ठीकच असेल.”

मी तिथेच उभ्या उभ्या क्लिनिकला फोन लावला. नर्स म्हणाली, “दीदी, आपकी मम्मी का तो कुछ आ ही नहीं रहा. हमें लगा उन्होंने भरना छोड़ दिया. बुज़ुर्ग लोग छोड़ देते हैं ना, थोड़े दिन करके.” आई माझ्याकडे पाहत होती. तिला पलीकडचं ऐकू येत नव्हतं. ती म्हणाली, “विचार त्यांना, ठीक आहे ना?” नाना, तिकडे कोरा बोर्ड, इकडे कोरा बोर्ड, आणि दोघीही निर्धास्त.

तिला इथे दाखल केल्यावर मी ऑफिसातल्या मुलाला सांगितलं, आईचे आकडे कुठे अडकले ते शोध. त्याचा थोड्या वेळाने फोन आला. आवाज बारीक. “मैम, सब आ रहा था. रोज़ आ रहा था. सर्वर फेंक रहा था.” त्याने टाकून दिलेले आकडे माझ्या फोनवर पाठवले. रोज सकाळी न चुकता भरलेलं वजन, रोज थोडं थोडं चढत गेलेलं. मी तो फोन पालथा करून मांडीवर ठेवला. मग त्याला विचारलं, मराठी फोन आणखी किती आहेत?

आमचे मॅनेजर सज्जन आहेत, पण त्यांच्यावरही क्लिनिकचा दबाव आहे. ते म्हणाले, “मैडम, आज के आज मराठी हटा देते हैं. सबका फ़ोन हिंदी पे करवा दो. इंदौर में सब समझते हैं. बाकी आराम से देखेंगे.” मी थकले होते आणि त्यांचं म्हणणं चूकही नव्हतं, त्या दिवसापुरतं. पण हिरवी खूण तशीच राहिली असती. उद्या दुसऱ्या कोणत्या कारणाने आकडे अडकले असते, आणि कोणीतरी आपल्या सुजलेल्या पायांकडे बघत म्हटलं असतं, फोन नाही आला, म्हणजे ठीक. मी म्हटलं, मराठी राहील. फोनवर आईला तिचेच अंक दिसतील, पण पाठवताना ते मशीनच्या अंकांत बदलून जातील, फोन कोणत्याही भाषेत असो. आणि तिकडून मिळाल्याचं उत्तर येईपर्यंत खूण उमटणार नाही. ते म्हणाले, “इसमें तो टाइम लगेगा.” मी म्हटलं, तोपर्यंत आपण फोन करू. एकेकाला.

केले. क्लिनिकच्या नर्सने निम्मे, मी निम्मे, याच बाकावरून. मराठी फोनवाले थोडेच निघाले, बहुतेक आईच्याच वयाचे. कोणाला बरं होतं, एका बाईंना त्याच दिवशी बोलावून घेतलं, वेळेवर. एक गृहस्थ मात्र फोनच उचलेनात. मी पुन्हा पुन्हा लावते आहे, घंटा वाजते आहे, मला घाम फुटला आहे, तुमची ती दुपारची सायकल डोळ्यांसमोर. शेवटी उचलला. “कोण बोलतंय? काय लावलं आहे घंटी पे घंटी? मी अंघोळीला होतो!” मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्हणजे इतके दिवस मी रोज सकाळी काट्यावर चढत होतो ते कोणी बघतच नव्हतं? बाई, मी आपला पोट आत घेऊन उभा राहायचो!” मला हसू आलं आणि रडूही. त्यांना म्हटलं, पाय दाबून बघा. त्यांनी दाबले, म्हणाले, काही नाही. मी म्हटलं, नीट दाबा. “तू मुलगी कुणाची गं?” असं त्यांनी विचारलं, सहज, आपल्याकडे विचारतात तसं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित तुम्हाला ओळखतही असते.

काल दुरुस्ती झाली. हिरव्या खुणेच्या जागी काय शब्द लिहायचे ते मुलाने विचारलं, इंग्रजीत काय, हिंदीत काय. मराठीचं मी पाठवलं, ‘पोच मिळाली’. आईला नवं ॲप घालून दिलं, उशीला टेकून तिने सकाळचं वजन भरलं. फोनवर बराच वेळ नुसतं चाक फिरत राहिलं. तिला वाटलं, बिघडलं. मी म्हटलं, थांब. मग शब्द आले. तिने ते वाचले, चष्मा वर करून पुन्हा वाचले. फोन उशीखाली ठेवला. मला वाटलं होतं, ती काहीतरी म्हणेल तुमच्याबद्दल.

तुम्ही असतात तर आज या जिन्याच्या तोंडाशीच उभे राहिला असतात. तुम्ही गेलात ते सियागंजातून घरी येताना, सायकलवरच, आणि आम्हाला कळायला संध्याकाळ झाली. त्याबद्दल मी आईशी कधी बोलले नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे लिहायला घेतानाच माहीत होतं. कागद घडी करून पर्समध्ये जाईल, औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर. फक्त तुम्ही दिलेल्या त्या कार्डांतलं एखादं आत्ता हाताशी असतं तर बरं झालं असतं, तुमच्याच अक्षरातलं. तारीख तेवढी घालायची होती.

मघाशी आईने आतून हाक मारली. मी गेले. तिने विचारलं, “डॉक्टर येऊन गेले का गं? माझा डोळा लागला होता.” तिचा हात माझ्या हातात होता. मी म्हटलं, “हो, आले होते. रिपोर्ट चांगला आहे.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “कोण म्हणालं?”

मी वळून टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि भरून आणते म्हणून बाहेर आले. नाना, डॉक्टर अजून आलेले नाहीत. बाटली भरलेलीच होती.